जेवत्या हाताकडून उघडायचं पुस्तक

मी एक जुना तिसरा भाग आहे. पहिला, दुसरा आणि पुढचे चार हे माझे सख्खे भाऊ. पण आज ते कोणाच्या माळ्यावर आहेत की रद्दीत गेले, मला ठाऊक नाही. आम्ही सातजण मिळून एक गोष्ट होतो. डोंगर चढणाऱ्यांची, आणि डोंगरात अडकलेल्यांना सोडवून आणणाऱ्या एका माणसाची. गोष्ट जपानातली, सगळी चित्रांतून सांगितलेली. तिकडे अशा पुस्तकांना मांगा म्हणतात. माझ्या अंगावर इंग्रजी अक्षरं आहेत, कागद खरखरीत आहे आणि शाई फक्त काळी. मित्रांनो, माझा स्वभाव जन्मापासूनच काळजीखोर आहे. तो तसा का, हेच तुम्हांला सांगायचं आहे.

जपानात अशी पुस्तकं उजवीकडून डावीकडे वाचतात. पान उजवीकडून उलटायचं आणि चित्रंही उजवीकडून पाहायची. आम्ही इंग्रजीत आलो तरी चित्रं तशीच राहिली. म्हणून, तुम्ही ज्याला पहिलं पान म्हणाल त्या पानावर आमच्याकडे एक मोठी सूचना छापलेली असे : 'थांबा! तुम्ही पुस्तक चुकीच्या बाजूने उघडलंत. उलटं करा आणि उजवीकडून सुरुवात करा.' इतर पुस्तकं उघडली की 'आईस अर्पण' वगैरे गोड शब्द निघतात. मला उघडलं की मी आधी ओरडायचो. तरीही लोक मला उलटं वाचतील ही धास्ती मला छापखान्यापासूनच होती.

जळगावला मी आलो तो हिनाकडे. तिच्या घरचं डाळींचं दुकान, आणि दुकानावरच घर. तेव्हा ती अकरावीत होती. खोका उघडल्यावर तिने मला अर्थातच चुकीच्या बाजूने उघडलं, माझी सूचना वाचली, कपाळावर हात मारला आणि मला उलटं केलं. त्या दिवशी मला काय धन्य वाटलं म्हणून सांगू! जळगावच्या उन्हाळ्यात, कूलरसमोर बसून, ती बर्फातल्या कड्यांची गोष्ट वाचायची आणि शहारायची.

आमच्या गोष्टीतल्या त्या सोडवणाऱ्या माणसाला एक लांबलचक जपानी नाव आहे. पुढे पाड्यातल्या मुलांनी त्याचं नाव दोरवाला ठेवलं, तेव्हा मीही तेच म्हणतो. माझ्या अठ्ठ्याऐंशीव्या पानावर या दोरवाल्याची चार चित्रं आहेत. खाली कड्याच्या अरुंद टप्प्यावर एकजण अडकला आहे आणि त्याचा दोर बदलायचा आहे. उजवीकडच्या पहिल्या चित्रात दोरवाला दुसऱ्या झाडाला नवा दोर बांधतो. दुसऱ्यात तो खाली सोडतो, आणि अडकलेला माणूस तो कमरेला बांधतो. तिसऱ्यात दोघं तो नवा दोर जीव खाऊन ओढून पाहतात. आणि चौथ्यात, अगदी शेवटी, जुना दोर सोडतात. चारही चित्रांत एक शब्द नाही. हिना ते पान पुन्हा पुन्हा काढायची. धाकट्या जिनेशला म्हणायची, "बघ, त्याला घाई आहे तरी तो घाई करत नाही."

आता माझ्या आयुष्यातली पहिली दुर्घटना. हिनाची आजी चंदनबाई फार प्रेमळ बाई. घरी आलेल्या प्रत्येकाच्या हातावर ती आवळासुपारीची पुडी ठेवायची, आणि पुड्यांना कागद लागायचा. एका दुपारी पाहुणे उठायला निघाले आणि पुडीचा कागद संपला. चंदनबाईंनी टेबलावरून मला उचललं, एका बाजूने उघडलं आणि समोर आलेलं पान टर्रकन फाडलं. हिना धावत आली.

"आजी, पुस्तकाचं पान फाडलंस?"

"अगं बेटा, त्यावर चित्रसुद्धा नव्हतं. नुसत्या चार ओळी होत्या. तुझी चित्रं सगळी जागच्या जागी आहेत बघ."

चित्रं होती खरी. गेली ती माझी सूचना. पाहुणे सुपारी चघळत जिना उतरले, आणि मी मुका झालो. घरात कोणालाच त्याचं काही वाटलं नाही. हिनाला मला कसं वाचायचं ते पाठ होतं. पण मी आतून हाललो. आता मला चुकीच्या बाजूने उघडणाऱ्याला कोण सांगणार?

पुढे हिना शिकायला पुण्याला गेली आणि नोकरीला तिथेच राहिली. जिनेशने माझे भाऊ एकेक करून शिकवणीतल्या मित्रांना वाचायला दिले, ते परत आले नाहीत. मी पान फाटलेला म्हणून मला कोणी मागितलंच नाही. नऊ वर्षं मी एका खोक्यात, जुन्या गाइडांच्या खाली, पिवळा पडत राहिलो. कधी कधी वाटायचं, बरं आहे, कोणी उघडत नाही तर कोणी चुकतही नाही. मित्रांनो, भित्र्याला अडगळही सुरक्षित वाटते.

हिनाची कॉलेजातली मैत्रीण ज्योत्स्ना मूळची धुळ्याची. चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी एका पाड्यावरच्या शाळेत ती शिक्षिका झाली. शाळेला पुस्तकं हवीत असं तिने हिनाला कळवलं आणि हिनाने ते खोकंच्या खोकं पाठवलं. अशा रीतीने मी जन्मात पहिल्यांदा खरा डोंगर पाहिला. बर्फ नव्हता. काळा खडक, अंजनाची झाडं, आणि पाड्याच्या मागे उभा तुटलेला एक कडा. त्या कड्याला आग्या माश्यांची मोठाली पोळी लटकलेली होती.

शाळेत पहिल्याच दिवशी मुलांनी मला डाव्या बाजूने उघडलं. बर्फाचं चित्र पाहून एकीने तिथल्या बोलीत विचारलं, "मॅडम, इतला कापूस कोन वेची?" मग सगळ्यांनी मिळून गोष्ट लावली, आणि एक मुलगा चिडून उभा राहिला. "मॅडम, हाऊ माणूस चांगला नही शे. दवाखानामाईन आजारी माणूसले उचलस आनि डोंगरवर नेईसन टाकी देस!"

ज्योत्स्ना मॅडम हसून हसून बेजार झाल्या. मग म्हणाल्या, "आपण कोणत्या हाताने जेवतो? तो वर करा. या पुस्तकाची त्या हाताच्या बाजूने सुरुवात करायची. चित्रंसुद्धा त्याच बाजूने पाहायची." पुन्हा पाहिलं तर दोरवाला माणसाला कड्यावरून काढून दवाखान्यात पोचवत होता. मुलांचा जीव भांड्यात पडला. माझाही पडला.

शाळेच्या ओसरीवर खिचडी शिजवणारी रोशनी दारातून हे सगळं ऐकत होती. तिला अक्षर वाचता येत नव्हतं, पण माझी चित्रं तिला आवडायची. खिचडीचा डाव हातात धरून ती म्हणाली, "मंग हाई पुस्तक जेवना हातनं शे म्हना." उजव्या हाताला तिकडे जेवना हातच म्हणतात. त्या दिवसापासून शाळेत माझं नावच ते पडलं. ते चार महिने माझे सुखाचे होते. खिचडीचे हात लागून माझी पानं आणखी पिवळी झाली, त्याचं मला काही वाटलं नाही.

आता ज्याच्यासाठी हे सगळं सांगतो आहे तिकडे येतो.

रोशनीचा नवरा बादल त्या कड्यावरचा मध काढायचा. त्याचा बाप मंगा आबाही तेच करायचा. पाड्याची एक जुनी रीत होती. मध काढणारा कड्यावरून खाली उतरला की वर त्याचा दोर त्याच्या बायकोच्या भावानेच सांभाळायचा. सख्ख्या भावालाही तो मान नाही. मंगा आबा मुलांना त्याचं कारण सांगायचा, "बायकोना भाऊ दोर कधी सोडस नही. बहीननं कुकू त्याना हातमा ऱ्हास."

बादलचा दोर सांभाळायचा रोशनीचा धाकटा भाऊ अभिमन. तो वर्षभर रावेरकडे केळीच्या गाड्या भरायचा आणि होळीला घरी यायचा. डोक्याने तल्लख आणि हाताने चपळ, पण धीर म्हणाल तर कवडीचा नाही. होळीनंतर मध काढायचे दिवस आले तेव्हा मॅडम प्रशिक्षणासाठी धुळ्याला गेल्या होत्या. शाळेची किल्ली रोशनीकडे होती. अभिमनला कोणीतरी सांगितलं की शाळेत दोरांचं एक पुस्तक आलं आहे.

"अक्का, ते पुस्तक दे ना."

"मॅडमनं पुस्तक शे. फाडू नको. आनि गोष्ट नीट वाच."

"माले गोष्ट नको. माले दोर दखना शे."

ज्याला गोष्ट नको असते तो मधलंच पान उघडतो. अभिमनने भराभर पानं चाळली, अठ्ठ्याऐंशीवर थांबला, आणि त्याचं बोट डावीकडच्या चित्रावर टेकलं. तिथून ते एकेक चित्र उजवीकडे सरकत गेलं. जुना दोर सोडला. ओढून पाहिलं. नवा खाली टाकला. नवा झाडाला बांधला.

मी मनातल्या मनात किंचाळत होतो. अरे, उलटं! पण सूचनेचं पान कधीच सुपारीबरोबर जिना उतरून गेलं होतं.

अभिमनने आपल्या डोक्याने त्याचा अर्थ लावला. दोन दोर एकमेकांत अडकू नयेत म्हणून पहिला आधी सोडत असतील. तेवढा वेळ खालचा माणूस टप्प्यावर पाय रोवून उभा राहत असेल. चित्रात टप्पा होता, आपल्या कड्यालाही आहे. आजवर बादलला एक पोळं काढून वर यावं लागे, आणि दुसऱ्या झाडाला दोर बांधून पुन्हा खाली जावं लागे. त्यात अर्धा दिवस मोडायचा. त्याने बादलला समजावलं, "दाजी, तुम्ही खाले टप्पावरच उभा ऱ्हावा. मी वरथीन दोर बदली देसू. वर येवानं कामच नही."

बादलने मला पाहिलंसुद्धा नाही. तो मेहुण्याकडे पाहून हसला. "तू धरस ना? मंग माले काय भ्याव."

त्याचा तो विश्वास ऐकून मला रडू आलं असतं, येत असतं तर. चूक पुस्तकात नव्हती, माणसांत नव्हती, पण एका माणसाचा जीव टांगणीला लागला होता आणि ते ठाऊक असणारा मी एकटा, अभिमनच्या पिशवीत पडून होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कड्याच्या माथ्यावर पोचलो. अभिमनने अंजनाच्या झाडाला दोराचे दोन वेढे दिले, गाठ मारली आणि दोर बादलच्या कमरेला बांधला. धुरासाठी ओल्या पाल्याची पेंढी पेटवली. बादल डबा आणि विळा घेऊन खाली उतरला. रोशनी आणखी ओला पाला तोडायला मागे झाडीत गेली. मंगा आबा वयामुळे खाली पाड्यातच थांबला होता. पहिलं पोळं ठीक निघालं. डबा अर्धा भरला. बादल आडवा सरकत वीतभर रुंदीच्या टप्प्यावर जाऊन उभा राहिला आणि त्याने वर हाळी दिली, "हा, बदल आते!"

अभिमनने मला पिशवीतून काढलं, अठ्ठ्याऐंशीवं पान उघडलं, आणि वाऱ्याने उलटू नये म्हणून माझ्यावर दगड ठेवला. शाळेच्या बोअरची मोटार काढायला आणलेला नायलॉनचा जाड दोर शेजारी वेटोळं करून पडलेला होता. तो अजून कशालाच बांधलेला नव्हता. अभिमनने एकदा माझ्याकडे पाहिलं, बोट डाव्या चित्रावर ठेवलं, आणि उठून अंजनाच्या बुंध्यावरची गाठ सोडली.

मित्रांनो, हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागे लागू नये ही म्हण तुम्ही शाळेत पाठ करता. मी ती त्या सकाळी समोर घडताना पाहिली. गाठ सुटली. मग दोन वेढ्यांतला एक निघाला. आता बादल आणि खालची दरी यांच्यामध्ये एक वेढा होता, आणि अभिमनचे दोन हात.

एवढ्यात रोशनी पाल्याचा भारा घेऊन आली.

"अभिमन! काय करी ऱ्हायना तू?"

"दोर बदली ऱ्हायनू, अक्का. पुस्तकमा असंच शे. पहिले जुना सोडना."

रोशनीची नजर माझ्यावर आली. त्याच्या बोटाचा मातीचा ठसा माझ्या डाव्या चित्रावर होता. भारा तिच्या हातून गळून पडला. "नही! ते पुस्तक जेवना हातनं शे! तू उलटं दखं! सोडू नको!"

तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत खाली बादलच्या पायाखालचा खडकाचा पापुद्रा निसटला. दोराला हिसका बसला. एकाच वेढ्यावरून दोर सरसर पळायला लागला, अंजनाची साल जळल्यासारखा वास आला. अभिमनने दोर मुठीत आवळला. त्याच्या तळहातांची कातडी निघाली, तो ओरडला, पण त्याने सोडला नाही. रोशनीने झेप घेतली, मागे लोळणारं टोक धरलं आणि धावत झाडाभोवती एक फेरी मारली, दुसरी मारली, तिसरी मारली. विहिरीवर भरला हंडा वर यायला लागला की बाया दोर असाच खांबाला गुंडाळतात. दोर थांबला.

खालून काहीच आवाज येत नव्हता. वारा होता, माश्यांचा घोंघाट होता, आणि माझी पानं दगडाखाली फडफडत होती. मग बऱ्याच वेळाने बादलचा आवाज आला. "मी शे. लटकेल शे."

रोशनीने टोकाला गाठ मारली, मला ओढून घेतलं आणि उजव्या हाताचं बोट उजवीकडच्या चित्रावर ठेवलं. "दख. पहिलं हाई. नवा दोर बांध. जुना तसाच ऱ्हाऊ दे." रक्ताळलेल्या हातांनी अभिमनने नवा दोर दुसऱ्या झाडाला बांधला. तिचं बोट सरकलं. नवा दोर खाली गेला, आणि बादलने लटकल्या लटकल्याच तो कमरेला बांधला. बोट पुन्हा सरकलं. "वढ." वर दोघांनी ओढला, खाली बादलने ओढला. "आखो वढ." पुन्हा ओढला. चौथ्या चित्राकडे तिचं बोट गेलं तेव्हा तिने ते इतक्या जोरात दाबलं की माझं पान चुरगळलं. ती चुरगळ अजून आहे. मग जुना दोर सोडला, आणि नव्या दोराने, हात हात करत, बादलला वर घेतलं.

बादलचं तोंड माश्यांनी चावून सुजलं होतं, गुडघा फुटला होता. तो झाडाला टेकून बसला. मग म्हणाला, "डबा गया."

"जाऊ दे डबा," रोशनी म्हणाली आणि आता मोकळेपणाने रडायला लागली.

अभिमन दोघांच्याही तोंडाकडे पाहू शकत नव्हता. त्याने मला उचललं ते धुमसणाऱ्या पाल्यात फेकायला. मला त्यात काही चूक वाटली नाही. खरंच सांगतो, मला वाटलं, टाक बाबा, माझ्यामुळे तुझ्या बहिणीचं कुंकू गेलं असतं. पण रोशनीने त्याचं मनगट धरलं.

"पुस्तकनी काय चूक? हाई दख, याना पुढलं पान कोनी तरी फाडेल शे."

इतक्या वर्षांत त्या फाटक्या काठाचा अर्थ पहिल्यांदाच कोणाच्या तरी लक्षात आला होता.

ज्योत्स्ना मॅडम परत आल्यावर त्यांनी सगळं ऐकलं आणि तिथल्या तिथे हिनाला फोन लावला. हिना नेमकी त्या दिवशी जळगावला आली होती. फाटलेल्या पानावर काय होतं ते तिने सांगितलं, ते कोणी आणि कशासाठी फाडलं तेही सांगितलं. मग फोनवर एक म्हातारा, थरथरता आवाज आला. चंदनबाईंनी रोशनीलाच बोलायला मागितलं. "बेटा, मिच्छामि दुक्कडम्," त्या म्हणाल्या. पर्युषणात जैन माणसं एकमेकांची क्षमा मागतात ते शब्द. रोशनीला शब्द कळले नाहीत. आवाज कळला. ती म्हणाली, "आजी, माणूस वाची गया. तुम्ही रडू नका."

चंदनबाईंनी आठवडाभरात एक जाड पांढरा कागद पाठवला, आणि सोबत आवळासुपारी. पुड्या कापडाच्या होत्या. मॅडमनी कागद माझ्या मापाचा कापून धावड्याच्या डिंकाने माझ्या फाटक्या काठाला चिकटवला आणि पेन उघडलं. पण रोशनीने त्यांना थांबवलं. लिहिलेलं आपल्याला वाचता येत नाही, अभिमनही वाचायला थांबत नाही, असं ती म्हणाली. तिने गेरू कालवला, उजवा तळहात त्यात बुडवला आणि कोऱ्या पानावर दाबला. बोटं आडवी, माझ्या खऱ्या सुरुवातीकडे दाखवणारी. आता मला कोणी चुकीच्या बाजूने उघडलं की आधी तो लाल हात दिसतो. मी पुन्हा ओरडू शकतो.

माझी काळजी मात्र गेलेली नाही. पान उलटणारा प्रत्येक हात पाहिला की मी आजही धास्तावतो. म्हणून मित्रांनो, तुमच्याजवळ मागणं एवढंच आहे. पुस्तकाचं पान फाडू नका. ज्यावर चित्र नाही, नुसत्या चार ओळी आहेत, तेही फाडू नका. कोणाला ते कधी लागेल हे फाडणाऱ्याला कळत नाही. आणि मधलंच पान उघडायची घाई झाली तर एकदा पहिल्या पानावर जाऊन या.

यंदाही होळीला अभिमन आला. मध काढायच्या आदल्या दिवशी तो शाळेत येऊन माझ्यासमोर बसला. त्याच्या तळहातांवर दोराचे दोन पांढरे वण आहेत, मूठ पुरती मिटत नाही. त्याने मला उघडलं, आणि पान उलटायच्या आधी आपला उजवा तळहात रोशनीच्या लाल हातावर ठेवला. बराच वेळ ठेवला. मग मला उलटं केलं आणि पहिल्या चित्रापासून गोष्ट वाचायला सुरुवात केली.